डाकबंगल्यातल्या चार तालमी

८ जानेवारी १९८५, मंगळवार

स्थळं सुचवणाऱ्या वानखडे मास्तरांचं कार्ड आलं. नागपूरची मंडळी आमच्या मंदाला पाहायला २७ ला, रविवारी येणार. पण घरी नाही. मुलीच्या घरी गादीवर बसायचं, तिनं पोह्यांचा ट्रे आणायचा, सगळ्यांनी तिच्याकडे पाहायचं, हे मुलाला पटत नाही म्हणे. नागपूर रोडवर नव्या लेआउटमध्ये 'डाकबंगला' नावाचं हॉटेल निघालं आहे, तिथे दोन्हीकडच्यांनी दुपारी चारला भेटायचं. मुलगा दिलीप भोयर, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, वय तेहतीस, वडील नाहीत. सोबत आई आणि मामा.

कार्ड तीनदा वाचलं. मग सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणे, "हॉटेलात पोरगी दाखवाची? आपल्यात असं केलं का कोनी?"

म्हटलं, "घरी दाखवून काय झालं ते पाह्यलं ना तुनं."

सहा वर्षांत अकरा स्थळं. अकराही 'कळवतो' म्हणून गेली. मंदाला अठ्ठावीस पूर्ण झाली. दिसायला नीटस, पवनारच्या शाळेत कायम नोकरी, अक्षर छापल्यासारखं. दोष एकच. परक्यांसमोर तिचा हात कापतो. ट्रे घेऊन दारात आली की कपबशा वाजू लागतात. गेल्या मे महिन्यात यवतमाळच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर चहा गेला. त्यांच्या बाईनं तिथल्या तिथे विचारलं, "फिट-बिट येते का पोरीले?" डॉक्टरला दाखवून झालं. शरीरात काही नाही, भीती आहे, म्हणाला.

हॉटेलात ट्रे वेटर आणणार. मुलाकडच्यांनी न मागता दिलेली सवलत समजायची. हे बारावं. ह्याच्या पुढे बिजवर. मास्तर तसं बोलले नाहीत, पण कार्डाच्या खाली 'या वेळी काळजी घ्यावी' असं लिहून खाली रेघ ओढली आहे.

१० जाने., गुरुवार

डाकबंगला पाहून आलो. एकटाच. कापसाच्या जिनिंगमधला दुरुस्तीचा मोठा वजनकाटा अर्धवट खोलून ठेवला आणि सायकल काढली. हंगामात असं कधी केलं नाही.

रेल्वे फाटकाच्या पलीकडे पाऊण मैल. आजूबाजूला नुसते आखलेले प्लॉट आणि तुरीचं रान, मधेच हे. गावातल्या एका शेटजींच्या धाकट्या मुलानं काढलं, दिल्लीला शिकून आलेला. इमारत कालची पण सोंग जुन्याचं. कौलारू पडवी, वेताच्या खुर्च्या, संगमरवरी फरशीची टेबलं, लोंबते काचेचे दिवे, भिंतीवर हरणाची शिंगं. रेल्वेच्या लिलावातलं सामान म्हणाला. वेटरला फेटा आणि छातीवर पितळेचा बिल्ला. धाकटा शेट स्वतः येऊन सांगून गेला, "अंग्रेजों के जमाने का माहौल है, काकाजी." तो जमाना मी पाहिला आहे. अशा पडवीसमोर माझ्या बापाला चपला काढून पायरीखाली उभं राहावं लागे. बोललो नाही.

मेनूकार्डावर सगळं इंग्रजीत. मला अडचण नाही, मी डिक्शनरीवरून इंग्रजी शिकलो, शाळेत नाही. सँडविच चार प्रकारचं, बर्गर दोन प्रकारचा, कॉफी, सरबत. बर्गर मागवला. गोल पाव आडवा कापलेला, मधे बटाटा-बीटाची जाड टिक्की, वर कांद्याची चकती, काकडी, पांढरी आंबट चटणी. तोंड किती उघडायचं याचा अंदाज चुकला. मागच्या बाजूनं टिक्की सरकली ती सरळ मांडीवर. म्हातारा वेटर पाहत होता. त्यानं दुसरीकडे पाहिलं आणि न बोलता आणखी एक रुमाल आणून ठेवला. समजदार माणूस.

खिडकीजवळचं टेबल एका अंगाला कलतं. पाण्याच्या पेल्यावरून लक्षात आलं. तिथे बसायचं नाही.

११ जाने.

रात्रभर विचार. मंदाच्या मांडीवर टिक्की पडली तर बारावंही गेलं.

मी सातवी पास. काट्याचं काम मला कोणी शिकवलं नाही. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये बोजे उचलत होतो तेव्हा मोडीत टाकलेला काटा घरी आणला आणि चाळीस वेळा खोलून चाळीस वेळा जोडला. पहिल्यांदा बारीक वजनं चिमट्यानं उचलताना माझाही हात कापायचा. सवयीनं ते कापणं मोडलं. आज वर्धा ते आर्वी कोणत्याही काट्यावर माझा हात फिरला असेल तर वजनमापांचा इन्स्पेक्टर शिक्का मारायला मागेपुढे पाहत नाही.

मं.चंही मोडेल. सोळा दिवस आहेत.

१२ जाने., शनिवार

एक बर्गर कागदात बांधून आणला. घरच्या छोट्या काट्यावर पाव वेगळा, टिक्की वेगळी तोलली. टिक्की पावापेक्षा जड आहे, म्हणून ती खाली ओढते. तेव्हा अंगठे खालून, बाकी बोटं वरून, आणि पुढे झुकून खायचं.

सौ. भाकरी थापता थापता, "खायाची वस्तू तोलून राह्यले का आता? पोरीलेही तोला मंग, एका पारड्यात."

मं. हसली नाही. म्हणाली, "मी सँडविचच मागीन बाबा. ते सोपं असते."

हे मला सुचलं नव्हतं. चांगली सूचना. सँडविच ठरलं. तरी बर्गरही नीट खाता आला पाहिजे. मुलाकडच्यांनीच सगळ्यांसाठी तो मागवला तर?

१३ जाने., रविवार

पहिली तालीम. मी आणि मं. मागच्या कोपऱ्यातलं टेबल. चारच माणसं हॉटेलात, तरी तिचा हात कापला. पेला उचलताना पाणी सांडलं. मी म्हटलं, "कोपर टेबलाला लावून ठेव." "सगळे पाहून राह्यले बाबा." कोणीच पाहत नव्हतं.

म्हाताऱ्या वेटरचं नाव लछमन. तीस वर्षं रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये काढली. चालत्या गाडीत सूप वाढायचा, सांगत होता. मं.नं विचारलं, "हात नाई कापे का तुमचा?" तो म्हणे, "पहले साल बहुत काँपा, बेबी. फिर गाड़ी काँपती रही, हाथ रुक गया."

हे तिनं फार लक्ष देऊन ऐकलं. मी गेले दोन दिवस हेच सांगतो आहे.

१६ जाने., बुधवार

दुसरी. शाळेतून पवनारच्या बसनं परत येताना तिला नाक्यावर उतरवून घेतलं. सँडविचमधला कच्चा कांदा तिला नको असतो, लछमनला तिनं स्वतः सांगितलं. बोलणं नीट. सँडविच दोन्ही हातांनी. कापली, पण कमी.

२० जाने., रविवार

तिसरी. कॉफीत दूध फार म्हणाली. लछमननं बदलून आणली. मी मुद्दाम मुलाचा मामा झालो आणि प्रश्न विचारले. पगार किती, स्वयंपाक काय काय येतो, देवाधर्माचं कसं. ती उत्तरं देत खात गेली. मधेच मी आवाज चढवला, परीक्षा म्हणून. कप बशीवर जरासा वाजला. एकदाच.

जाताना लछमन म्हणे, "बेबी का कुछ इम्तहान है क्या, साब?" मी हसण्यावारी नेलं.

२३ जाने., बुधवार

चौथी. आज हात कापला नाही. पाऊण तास बसलो. बाजूच्या टेबलावर सहा-सात जणांचं अनोळखी कुटुंब होतं, तरी नाही. लछमननं डायनिंग कारमधल्या कोण्या साहेबाची नक्कल करून दाखवली तेव्हा मं. मोठ्यानं हसली. परक्या माणसासमोर तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही. कितव्या वर्षापासून, आठवून पाहिलं. आठवत नाही.

परत येताना सायकलच्या मागे बसून म्हणाली, "बाबा, नाई जमलं तरी चालते. मले इथं येनं आवडलं."

मी म्हटलं, "जमन."

२५ जाने., शुक्रवार

कपडे ठरले. मोरपंखी साडी, काठ बारीक. मी पांढरा सदरा, काळी टोपी. एक सूचना मं.ला दिली: रविवारी पहिल्यांदाच आल्यासारखं वागायचं. आपण सराव करून आलो हे कळलं तर हसं होईल.

"खोटं काऊन बोलाचं?"

"खोटं नाई. इचारलं तरच."

लछमनला सांगून ठेवायला हवं की रविवारी ओळख दाखवू नकोस. संध्याकाळी त्यासाठीच निघालो. फाटक बंद होतं, मालगाडी होती. उभा राहिलो. काय सांगायचं ते मनात जुळवून पाहिलं. 'लछमन, परवा आम्ही आलो की ओळखू नको.' एका वेटरला हे म्हणायचं. त्यानं कारण विचारलं तर ते सांगायचं. फाटक उघडलं. मी सायकल वळवली.

रेल्वेत राहिलेला माणूस आहे. समजेल त्याला.

२७ जाने., रविवार

काय लिहू.

चारला पोचलो. मी, सौ., मं., मास्तर. मंडळी आधीच येऊन बसलेली. मुलाची आई ठेंगणी, बोलणं तुटक. मामा गप्पिष्ट. मुलगा सावळा, शांत, चष्मा. मं.कडे टक लावून पाहिलं नाही. मला बरा वाटला.

मामानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे बनपाव खायाची काय पद्धत असते, पांडुरंगजी?"

मी म्हटलं, "आमालेही नवीनच. आज पहिल्यांदाच येऊन राह्यलो आमी."

पद्धत विचारली होती. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, ते कोणीही विचारलं नव्हतं.

लछमन आला. फेटा नवा, चेहरा हसरा. सगळ्यांचं लिहून घेतलं आणि मं.कडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "और बेबी का हमेशा का. बिना प्याज, काफी में दूध कम. बराबर?"

मं. म्हणाली, "हो." काय म्हणणार.

भोयरबाईंनी मं.कडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हमेशाचं येनं दिसते इथं."

एक क्षण होता. त्या क्षणात मी म्हणू शकलो असतो की मीच आणतो तिला. मामा हसले असते, मास्तर हसले असते, कदाचित बाईही. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "शाळेतल्या बायाईसंगं आली असन एखाद्या वेळी. मले काई माहीत नाई."

सौ.नं माझ्याकडे मान वळवली. लछमननंही पाहिलं. त्याच्या ओठांवर "साब" आलं होतं, मला दिसलं. मी कार्ड वाचू लागलो. त्यानं स्वच्छच असलेलं टेबल फडक्यानं पुसलं आणि निघून गेला.

मं.नं एक शब्द काढला नाही. सँडविच आलं, तिनं संपूर्ण खाल्लं. कप उचलला, प्याली, बशीवर ठेवला. आवाज नाही. हात जरासुद्धा कापला नाही.

सहा वर्षं मी ह्याचीच वाट पाहत होतो.

२८ जाने.

मं. सकाळच्या पहिल्याच बसनं गेली. डबा घेतला नाही.

सौ. बोलत नाही. पाणी समोर ठेवते, जेवायला वाढते, बोलत नाही.

मी स्वतःला समजावतो आहे की अजून नकार आलेला नाही.

३० जाने., बुधवार

मास्तर आले. बसलेही नाहीत, दारातच. "मुलगी आवडली त्यायले. बाईचा प्रश्न एकच हाय. कोनासंगं जात होती? वेटर ओळखते, तिची आवड ओळखते, अन् बाप म्हनते मले माहीत नाई."

म्हटलं, "शाळेतल्या बाया..."

"हाव, तेच. भोयरबाई चौकशी करणार आहेत शाळेत."

 मास्तरांना तेव्हा सांगायचं होतं. ते माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत आणि मला 'काटेवाले पांडुरंगजी, माणूस चोख' म्हणून चारचौघांत ओळख करून देतात. नाही सांगितलं.

२ फेब्रु., शनिवार

कोपऱ्यावरच्या घरी हळदीकुंकू होतं. सौ. जाऊन आली ती चेहरा उतरवून. बायका आपसात बोलत होत्या, ही आल्यावर थांबल्या. मग एकीनं वाण देता देता विचारलंच, "मंदा जाते म्हने त्या नव्या हॉटेलात? आजकालच्या पोरी, बाप्पा. कमावत्या असल्या का कोन इचारते." सौ. वाण तिथेच विसरून आली.

तेरा वर्षांची होती तेव्हापासून मं. रस्त्यानं मान खाली घालून चालते. गाव तिला आता पाहतं आहे.

४ फेब्रु., सोमवार

भोयरांच्या नात्यातलं कोणी पवनारला शाळेत गेलं होतं. 'हॉटेलात संगं जाणाऱ्या बाया कोणत्या' असं विचारलं. त्या बाया संतापल्या. त्यांची नावं नसत्या ठिकाणी घेतली गेली. एकीच्या नवऱ्यानं येऊन हेडमास्तरांना जाब विचारला. मधल्या सुटीत मं.बरोबर डबा खायला कोणी बसलं नाही.

हे तिनं मला सांगितलं नाही. सौ.ला सांगितलं, सौ.नं मला.

"आता तरी लिहा," सौ. म्हणाली. आठ दिवसांत तिनं पहिल्यांदाच मला काही करायला सांगितलं. "एका ओळीचं काम हाय. मीच नेलं. लिहा न."

६ फेब्रु.

पत्र लिहायला बसलो. माझी पत्रं लोक जपून ठेवतात. कलेक्टर कचेरीत माझा अर्ज दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवला होता.

पहिला मसुदा दोन पानं. त्यात माझ्या शिक्षणाची हकिकत आली. फाडला. दुसरा इतका छोटा की अपमान वाटावा. तिसऱ्यात 'गैरसमज झालेला दिसतो' असं लिहिलं. गैरसमज कोणाचा? त्यांना समजलं तेवढं मीच सांगितलं होतं. चौथा, पाचवा. सहाव्यात 'त्या वेळी माझ्या तोंडून अनवधानाने'. अनवधान कसलं? मी पूर्ण भानावर होतो. काट्यात अर्धा तोळा फरक लपवणाऱ्या व्यापाऱ्याला मी दारात उभं करत नाही.

सगळे चुलीत घातले.

९ फेब्रु., शनिवार

मास्तरांनी दुसरं स्थळ सुचवलं. आर्वीचा, पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली, दोन मुलं. वय त्रेचाळीस. "आता ताणून धरू नका," म्हणाले. "बोलनं पसरलं हाय."

त्रेचाळीस. मी पन्नासचा.

मं. आतल्या खोलीत होती. ऐकू गेलं असणार. बाहेर आली, मास्तरांना पाण्याचा पेला दिला. पेला स्थिर.

११ फेब्रु., सोमवार

डाकबंगल्यावर गेलो. का गेलो, माहीत नाही. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. लछमन धावत आला आणि मी बसायच्या आधी हात जोडले.

"साब, उस दिन हमसे गलती हो गई क्या? हम रात भर सोचते रहे. बेबी का रिश्ता था?"

"हो."

"हुआ?"

"नाई अजून."

तो म्हणाला, "हमारी नौकरी में ग्राहक को पहचानना इज्जत देना होता है, साब. हमने सोचा, मेहमानों के सामने बेबी की इज्जत बढ़ेगी. माफ कर दो."

मी खुर्चीत बसलो होतो, तो उभा. वयानं माझ्याहून दहा वर्षं मोठा. माफी मागत होता. मी म्हणायला हवं होतं की चूक तुझी नाही. मी म्हणालो, "असू दे."

म्हणजे माझी चूक त्याच्या माथ्यावरही ठेवून आलो.

कॉफी अर्धी टाकली. परतताना फाटकापाशी उतरून बराच वेळ उभा होतो. गाडी नव्हती, फाटक उघडंच होतं. मागून बैलगाडीवाला ओरडला, "सरका न बाप्पा, जागेवर झोपले का?"

१४ फेब्रु.

झोप नाही. काटे चुकायला लागले. आज पुलगावच्या दुकानदाराचा दांडीकाटा परत आला, एका पारड्याला झुकतो म्हणून. असं पंचवीस वर्षांत झालं नाही. त्याला वाटलं मला राग येईल. मी मुकाट्यानं घेतला.

मं. माझ्याशी बोलते. तेवढंच. 'पाणी तापलं', 'किल्ली खिळ्याला आहे'. आवाजात राग नाही. राग असता तर बरं.

१७ फेब्रु., रविवार

सकाळच्या पॅसेंजरनं नागपूर. कोणाला सांगितलं नाही. अजनीकडे विचारत विचारत घर शोधलं. बाई कीर्तनाला गेल्या होत्या. दार मुलानं उघडलं. बनियनवर होता, आत जाऊन सदरा घालून आला. पाणी दिलं.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. चार वेळा मीच नेलं. हात कापतो म्हणून. बर्गर कसा धरायचा तेही. तोलल्याचं सांगितलं नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मले तवाच समजलं होतं, काका. त्या बुढ्यानं तुमच्याकडे पाह्यलं ना. तिच्याकडे नाई, तुमच्याकडे."

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुमी तरी कुठं बोलले?"

 तो हसला नाही. तो हसेल अशी मनाची तयारी करून गेलो होतो, तीन आठवडे ज्याला भ्यालो ते हसणं. ते नाहीच आलं.

म्हणाला, "आईले मी सांगतो. ऐकन का नाई, सांगता येत नाई. तिच्या मनात आता तुमीच बसले हायेत, मंदा नाई. पन माझं म्हननं वेगळं हाय. बापानं तोंडावर खोटं सांगितलं अन् ती चूप राह्यली. भिऊन चूप राह्यली का तुमाले सांभाळून घेतलं? मले तिच्याच तोंडून ऐकाचं हाय. अन् तिले तरी मी पसंत हाय का, हे कोनी इचारलं?"

कोणी विचारलं नव्हतं.

"येत्या रविवारी चारले मी तिथंच येतो. एकटा. तिले वाटलं त येईन, नाई त नाई. तुमी नका येऊ, काका. राग नका मानू."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. काही पाहिलं नाही.

१८ फेब्रु., सोमवार

मं.ला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मी म्हटलं, "नागपूरला जाऊन आलो. सगळं खरं ते सांगितलं."

लाल पेन्सिल थांबली. "त्यायले सांगितलं?"

"हो."

"मले नाई सांगितलं अजून."

मी म्हटलं, "तुले त माहीतच हाय."

"हाव," म्हणाली. पुढची वही उघडली.

रविवारचा निरोप दिला. चारला, एकटा, तुझी इच्छा असेल तर. तिनं मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, कळलं नाही.

२० फेब्रु.

'मले नाई सांगितलं अजून.' काम करताना, सायकलवर, जेवताना.

बाप मुलीची माफी मागतो, हे मी माझ्या घरात पाहिलं नाही, आजूबाजूच्या घरात नाही. कसं म्हणतात ते? उभं राहून? काय म्हणून हाक मारून? मला कोणी शिकवलेलं नाही आणि हे खोलून पाहता येत नाही.

२२ फेब्रु., शुक्रवार

मास्तर परत. आर्वीवाले मंगळवारी येतो म्हणतात, घरीच. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. "रविवारी काय हाय?" म्हटलं, आहे काहीतरी. मास्तर नाराज होऊन गेले.

सौ.ला विचारलं, "जाईन का ती?"

"मले काय इचारता. तिले इचारा."

२४ फेब्रु., रविवार

तीनला मं. आतून आली. साडी मोरपंखी नाही, शाळेतली निळी. केस नेहमीसारखे. खांद्याला पिशवी. पवनारला एका मैत्रिणीकडे बारसं आहे असं सकाळी सौ.ला म्हणाली होती, तिकडेही हीच साडी चालते. कुठे निघाली ते विचारलं नाही.

आईला म्हणाली, "येते." दारात चपला घालायला वाकली.

मी खाटेवरून उठलो. म्हटलं, "मंदा."

ती थांबली. एक चप्पल पायात, एक हातात.

"त्या दिवशी मी..."

ती तशीच उभी राहिली. पूर्ण ऐकायला थांबली होती. मला ते स्वच्छ दिसत होतं. घाई नव्हती तिला. सौ. चुलीपाशी हात थांबवून पाहत होती. रस्त्यावरून कोणी गेलं नाही, कोणी हाक मारली नाही, काहीच आडवं आलं नाही.

मी म्हणालो, "ऊन हाय. रिक्षानं जाजो."

तिनं दुसरी चप्पल घातली आणि गेली. डावीकडे वळली. डावीकडेच बसस्टँड, डावीकडूनच पुढे फाटकाचा रस्ता.

पाच. नाही आली. बारसं असेल तर पाचची बस होती.

सात वाजून दहा. सौ.नं दिवा लावला. मी दाराशी खुर्ची घेऊन बसलो आहे, वही मांडीवर. दोनदा सायकलचं कुलूप काढलं, दोनदा लावलं. तुमी नका येऊ म्हणाला आहे.

एवढं ठरवलं आहे. आली की आधी मी बोलायचं. ती काय ठरवून आली, हो का नाही, फाटकापलीकडे गेली होती की पवनारला, ते काहीही ऐकण्याच्या आधी. तिनं सांगितल्यानंतर बोललो तर ते निकाल पाहून बोलल्यासारखं होईल. म्हणून दारातच, चपला काढायच्या आत. 'त्या दिवशी मी खोटं बोललो आणि तुझ्यावर टाकलं.' आठ शब्द. आतापर्यंत अकरा वेळा मनात म्हणून पाहिले. सातव्या शब्दाशी अडकतो.

कोपऱ्यावर कोणी आहे. अंधारात साडीचा रंग ओळखू येत नाही. चाल तिचीच वाटते, पण मान वर आहे. वही ठेवतो, उठतो.